कमर्शियल पायलट व्हायचंय, पण ट्रेनिंग कुठल्या मार्गाने? नवीन मुलामुलींसाठी पायरीपायरीने

पायलट व्हायचं ठरलं की पहिल्याच आठवड्यात डोकं भंजाळतं, कारण जो तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो एअरलाइनचा कॅडेट प्रोग्रामच कर, दुसरा म्हणतो अमेरिकेत जा तिथे तास पटापट होतात, तिसरा म्हणतो मॉड्युलर, म्हणजे तुकड्यातुकड्याने कर, पैसे अंगावर येत नाहीत, आणि फ्लाइंग स्कूलवाला म्हणतो बॅच पुढच्या महिन्यात आहे, दोनच जागा उरल्यात. यातला प्रत्येकजण कोणासाठी तरी बरोबर असतो. तुमच्यासाठी कोण बरोबर आहे हे ठरवायला मात्र एक क्रम लागतो आणि बहुतेक जण तो उलटा लावतात. आधी स्कूल आवडते, मग पैसे भरले जातात, मग कळतं की लायसन्स कुठल्या देशाचं मिळणार, आणि मेडिकल सगळ्यात शेवटी.

माझं म्हणणं असं की शेवटाकडून मागे या. आधी तब्येत पास आहे का ते बघा, मग नोकरी कुठे करायची ते ठरवा, त्यावरून लायसन्स ठरेल, लायसन्सवरून मार्ग आणि मार्गावरून स्कूल. आणि प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारत राहा: इथे काही बिघडलं तर नुकसान कोणाचं? माझं, स्कूलचं की एअरलाइनचं? खरा फरक तिथे असतो, माहितीपत्रकातल्या फोटोत नसतो.

आधी शिडी समजून घ्या

जगभर लायसन्सची मूळ चौकट एकच आहे. इकाओ, म्हणजे १९४४ च्या शिकागो करारातून तयार झालेली आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या अनेक्स १ (परिशिष्ट १) मध्ये किमान अटी दिल्यात आणि प्रत्येक देश त्या धरून, थोड्या वाढवून-बदलून आपले नियम करतो. सगळ्यात खाली पीपीएल, खाजगी लायसन्स, त्याला वय १७ आणि साधारण ४० तास. त्यावर सीपीएल, म्हणजे उडवायचे पैसे घेता येतील असं लायसन्स, वय १८ आणि २०० तास, पण मान्यताप्राप्त सलग कोर्स असेल तर इकाओच्या हिशोबात १५० तास. त्या २०० पैकी १०० तास तुम्ही स्वतः पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला पायलट, असायला हवेत, आणि एक तरी क्रॉस कंट्री, म्हणजे लांबची फेरी, ५४० किलोमीटरची, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून लँडिंग करून. सगळ्यात वर एटीपीएल, वय २१ आणि १५०० तास, ते कॅप्टनसाठी लागतं.

सीपीएल हातात आलं म्हणजे एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसता येतं असं नाही, हा नवीन लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. त्याला जोडून इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतं (ढगात, बाहेर काही दिसत नसताना उडवायला), मल्टी-इंजिन रेटिंग लागतं, बऱ्याच ठिकाणी एमसीसी नावाचा दोघांनी मिळून कॉकपिट चालवायचा कोर्स लागतो, आणि शेवटी ज्या विमानावर बसणार त्याचं टाइप रेटिंग, म्हणजे एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ वगैरे. स्कूल जेव्हा म्हणते 'कोर्सची एकूण फी' तेव्हा यातलं काय काय आत आहे आणि काय बाहेर आहे हे कागदावर लिहून घ्या. टाइप रेटिंग बहुतेक वेळा बाहेर असतं आणि तो खर्च छोटा नसतो.

पायरी १: मेडिकल, बाकी सगळ्याच्या आधी

कमर्शियल लायसन्सला क्लास १ मेडिकल लागतं. डोळे, कान, हृदय, रक्त, लघवी, फुप्फुसं, मानसिक आरोग्य, सगळं बघतात. चष्मा असला तर घाबरू नका, चष्म्याने नजर ठरलेल्या मर्यादेत येत असेल तर चालतं. रंग ओळखण्यात अडचण असेल तर मात्र ते आधीच कळलेलं बरं. ठिपक्यांमधला आकडा वाचायची इशिहारा चाचणी असते, तिच्यात अडकलात तर पुढच्या वेगळ्या चाचण्या असतात आणि देशागणिक नियम बदलतात, त्यामुळे एका ठिकाणी नापास म्हणजे सगळीकडेच दार बंद असं नाही, पण त्याचा निकाल लागेपर्यंत एक पैसाही कुठे भरू नका.

जुना आजार, ऑपरेशन, चालू असलेली औषधं, नैराश्यासाठी घेतलेले उपचार, सगळं डॉक्टरला खरं सांगा. लपवलेलं नंतर बाहेर आलं तर लायसन्सच जातं आणि तेव्हा वय आणि पैसे दोन्ही गेलेले असतात. आणि हे मेडिकल एकदा काढलं की झालं असं नसतं, ते साधारण दर वर्षी नवीन करावं लागतं, ६० नंतर दर सहा महिन्यांनी. म्हणजे पुढची चाळीस वर्षं तुमची नोकरी तुमच्या शरीरावर उभी आहे, लॉस ऑफ लायसन्स नावाचा (मेडिकलमुळे लायसन्स गेलं तर कामी येणारा) विमा असतो त्याची चौकशी पहिल्या दिवसापासून करून ठेवा.

सोबतच एक ट्रायल फ्लाइट घ्या. अर्धा-एक तास लहान विमानात इन्स्ट्रक्टरसोबत. मळमळलं तर लगेच निराश होऊ नका, बऱ्याच जणांचं काही उड्डाणांनंतर थांबतं. बघायचं हे की खाली उतरल्यावर परत जावंसं वाटतंय का.

पायरी २: नोकरी कुठे करायची?

यावर नीट विचार न केल्याने फार मुलं अडकतात. लायसन्स जगभर 'चालतं' हे अर्धंच खरं आहे. इकाओची चौकट एक असली तरी एका देशाचं लायसन्स दुसऱ्या देशात वापरायला कन्व्हर्जन, म्हणजे तिथल्या लायसन्समध्ये बदलून घेणं, लागतं, आणि त्याची मेहनत देशागणिक वेगळी असते. उदाहरण द्यायचं तर अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेकडे सीपीएलला एक लेखी परीक्षा असते, १०० प्रश्न, ७० टक्क्यांना पास. युरोपच्या इयासा या नियामक संस्थेकडे एटीपीएल थिअरीचे १३ विषय आहेत आणि प्रत्येकात ७५ टक्के लागतात. आता एखाद्याने अमेरिकेत लायसन्स काढलं आणि नंतर युरोपात एअरलाइनमध्ये नोकरी करायची म्हटलं तर ते १३ पेपर द्यावेच लागतात, वर स्किल टेस्ट, म्हणजे विमान उडवून दाखवायची परीक्षा. ब्रिटनचंही तसंच, २०२१ पासून ब्रिटन इयासाच्या बाहेर आहे, त्यामुळे ब्रिटिश लायसन्सवर थेट युरोपियन नोंदणीचं विमान उडवता येत नाही. भारतात डीजीसीए या नियामक संस्थेकडे परदेशी लायसन्स बदलून घ्यायचं तरी पेपर आणि टेस्ट आहेतच.

म्हणून आधी स्वतःला विचारा की ज्या देशात मला काम करायचा कायदेशीर हक्क आहे तो कुठला? पासपोर्ट किंवा कायमचा परवाना कुठला आहे? एखाद्या देशात शिकायला व्हिसा मिळतो म्हणजे तिथे नोकरी करायला मिळतेच असं नाही, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि एजंट लोक त्या एका वाक्यात मिसळून सांगतात. जिथे काम करणार तिथलंच लायसन्स थेट काढणं हा सगळ्यात सरळ रस्ता. दुसरीकडे शिकायचंच असेल, हवामान चांगलं आहे, विमानं जास्त आहेत, तर जा, पण कन्व्हर्जनचा वेळ आणि खर्च आधीच हिशोबात धरा आणि आपल्या देशाच्या नियामक संस्थेच्या साइटवर स्वतः नियम वाचा, कोणाच्या तोंडून ऐकून जाऊ नका.

आणि एअरलाइन म्हणजेच पायलट असंही नाही. कार्गो, चार्टर, एअर अ‍ॅम्ब्युलन्स, हवाई सर्वेक्षण, शेतावर फवारणी, इन्स्ट्रक्टर, या सगळ्या सीपीएलवरच्या नोकऱ्या आहेत. एखाद्याला रोज घरी यायचंय, एखाद्याला लहान विमानच आवडतं, त्याने एअरलाइनच्या साच्यातला महागडा कोर्स कशाला घ्यायचा?

पायरी ३: मार्ग निवडा

मुख्य मार्ग चार, आणि प्रत्येकात जोखीम वेगळ्या माणसाच्या खांद्यावर असते, त्या नजरेने वाचा.

इंटिग्रेटेड, म्हणजे एकाच स्कूलमध्ये शून्यापासून सीपीएल, इन्स्ट्रुमेंट, मल्टी-इंजिनपर्यंत सलग. पूर्ण वेळ, साधारण दीड ते दोन वर्षं. नियमानुसार तास कमी लागतात, युरोपात या कोर्सला किमान १९५ तास, अमेरिकेत पार्ट १४१ या नियमाखालच्या मान्यताप्राप्त स्कूलमध्ये सीपीएल १९० तासांत होतं, तेच सुटं पार्ट ६१ या नियमाखाली केलं तर २५०. फायदा असा की शिस्त असते, बॅचमेट असतात, एकामागून एक टप्पे ठरलेले असतात. तोटा असा की पैसे मोठे आणि लवकर जातात, नोकरी करत करता येत नाही, आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही ती म्हणजे बऱ्याच इंटिग्रेटेड कोर्समध्ये शेवटपर्यंत तुमच्या हातात कुठलंच लायसन्स नसतं. समजा १२० तासांवर घरची अडचण आली किंवा स्कूलच बुडाली, तर तुमच्याकडे पीपीएलसुद्धा नसू शकतं, आणि झालेल्या तासांपैकी किती धरायचे हे दुसऱ्या स्कूलला आणि नियामक संस्थेला विचारत बसावं लागतं. म्हणजे इथे जोखीम जवळजवळ सगळी तुमची.

मॉड्युलर म्हणजे तुकड्यातुकड्याने. आधी पीपीएल, मग तास वाढवणं, सोबत थिअरी, मग नाइट (रात्रीचं उड्डाण), मल्टी-इंजिन, इन्स्ट्रुमेंट, सीपीएल, शेवटी एमसीसी. प्रत्येक तुकडा वेगळ्या स्कूलमध्येही करता येतो, नोकरी सांभाळून करता येतो, पैसे जमतील तसे भरता येतात, आणि प्रत्येक टप्प्यानंतर हातात काहीतरी पक्कं येतं, हा मला यातला सगळ्यात मोठा गुण वाटतो. तीन-चार वर्षं लागू शकतात. अडचण अशी की चालवणारे तुम्हीच, कोणी मागे लागत नाही, मध्ये चार महिने उडवलं नाही की हाताची सवय जाते आणि जुनंच परत शिकायला पैसे जातात. कागदांच्या मुदतीही तुम्हालाच सांभाळायच्या, जसं इयासाकडे पहिला पेपर दिला की १८ महिन्यांत सगळे १३ संपवायचे आणि नंतर ३६ महिन्यांत सीपीएल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग काढायचं, नाहीतर पेपर पुन्हा. काही एअरलाइन मॉड्युलरवाल्यांना कमी लेखतात असं ऐकू येतं, पूर्वी ते जास्त होतं, आता कितीतरी ठिकाणी घेतात, पण तुमच्या डोळ्यासमोर जी एअरलाइन आहे तिच्या भरतीच्या जाहिरातीत काय अट लिहिली आहे ते बघूनच ठरवा.

कॅडेट प्रोग्राम. एअरलाइन आणि स्कूल मिळून चालवतात, आधी निवड चाचणी असते, गणित, हात-डोळ्यांचा मेळ, एकाच वेळी दोन-तीन कामं, ग्रुप टास्क, मुलाखत. पायलॅप्ट, कंपास अशा कॉम्प्युटर टेस्ट असतात, त्यांचा सराव करता येतो आणि करावाच. याचाच एक प्रकार एमपीएल, मल्टी-क्रू पायलट लायसन्स, इकाओने २००६ मध्ये आणलं. यात २४० तास असतात पण त्यातले बरेचसे सिम्युलेटरमधले, आणि पहिल्या दिवसापासून ट्रेनिंग एअरलाइनच्या पद्धतीने होतं. शिकवण्याची पद्धत म्हणून मला ती पटते, दोघांच्या कॉकपिटमध्ये काम करायचं तर सुरुवातीपासून तसंच शिकलेलं चांगलं. पण एमपीएल त्या एअरलाइनच्या गरजेला बांधलेलं असतं. त्या एअरलाइनने भरती थांबवली, जसं २०२० मध्ये जगभर झालं, तर सीपीएलवाला लहान विमानावर काहीतरी काम शोधू शकतो, एमपीएलवाल्याला आधी आणखी तास आणि टेस्ट करून सीपीएल घ्यावं लागतं. कॅडेटमध्ये जोखीम एअरलाइन किती उचलते हे त्या करारात लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक करार वेगळा असतो. काही ठिकाणी एअरलाइन खर्च करते आणि तुम्हाला काही वर्षांच्या बाँडमध्ये बांधते, काही ठिकाणी पूर्ण खर्च तुमचाच आणि वर एअरलाइनचं नाव फक्त. नाव सारखंच, कॅडेट, पण जमीन-अस्मानाचा फरक.

लष्करी मार्ग हा चौथा. ट्रेनिंगचा खर्च सरकारचा, दर्जा उत्तम, पण अनेक वर्षांची सेवा बांधील असते आणि कुठलं विमान मिळेल किंवा फ्लाइंगच मिळेल का हे तुमच्या हातात नसतं. नागरी नोकरीकडे जायचा शॉर्टकट म्हणून तिकडे जाऊ नका, सैन्यात सेवा करायची मनापासून इच्छा असेल तरच.

अमेरिकेचा एक मुद्दा इथेच सांगून टाकतो कारण तो मार्ग ठरवताना फार महत्त्वाचा आहे. तिथे २०१३ पासून एअरलाइनमध्ये को-पायलटलासुद्धा एटीपी (तिथलं एटीपीएल), म्हणजे साधारण १५०० तास लागतात, ठराविक विद्यापीठाची एव्हिएशन डिग्री असेल तर १०००. जगात बऱ्याच ठिकाणी २०० तासांचा मुलगा ए३२० च्या उजव्या सीटवर बसतो, अमेरिकेत नाही बसत. मग मधले हजार-बाराशे तास कुठून येतात? बहुतेक जण इन्स्ट्रक्टर होतात. आणि खरं सांगतो, इन्स्ट्रक्टर होणं हा कुठल्याही देशात चांगला टप्पा आहे. दुसऱ्याला लँडिंग शिकवताना, त्याच्या चुका जमिनीपासून वीस फुटांवर शांतपणे सावरताना स्वतःचं उड्डाण जेवढं पक्कं होतं तेवढं एकट्याने गोल गोल फिरून तास भरण्याने होत नाही.

पायरी ४: थिअरी आणि इंग्रजी

थिअरीला कमी समजू नका. नेव्हिगेशन, हवामान, नियम, विमानाची तांत्रिक माहिती, रेडिओ, हे सगळीकडेच आहे. दोन पद्धती दिसतात, आधी पेपर संपवून मग फ्लाइंग किंवा दोन्ही सोबत. माझं मत असं की पीपीएलपर्यंत सोबत करा, कारण हवेत दिसलेलं पुस्तकात लगेच कळतं, पण मोठे पेपर शक्यतो इन्स्ट्रुमेंट ट्रेनिंगच्या आधी संपवा, नाहीतर पेपरसाठी फ्लाइंग थांबतं आणि फ्लाइंगसाठी पेपर मागे पडतो. इंग्रजीत इकाओची लेव्हल ४ तरी लागते, ती दर तीन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते, लेव्हल ५ सहा वर्षं, लेव्हल ६ कायमची. फाडफाड बोलायची गरज नाही, रेडिओवर स्पष्ट आणि न घाबरता बोलता यायला हवं, ते रोज ऐकून येतं.

पायरी ५: स्कूल प्रत्यक्ष जाऊन बघा

फोनवर, मेलवर, एजंटकडून नाही. स्वतः जा, आणि शक्यतो न सांगता, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी जेव्हा हवा चांगली असते. अशा वेळी अ‍ॅप्रनवर, म्हणजे पार्किंगच्या जागेवर, विमानं उभी दिसली आणि मुलं क्रू रूममध्ये मोबाइल बघत बसलेली दिसली तर विचारा, का?

काय विचारायचं त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सध्या उडणारी विमानं किती आणि विद्यार्थी किती. 'आमच्याकडे दहा विमानं आहेत' याला अर्थ नाही, त्यातली दोन इंजिनची वाट बघत असतात, एक पार्टची. सेसना १७२ सारख्या विमानावर ट्रेनिंगमध्ये ठराविक तासांनी, साधारण ५० आणि १०० तासांनी, तपासणी असते आणि लायकॉमिंगचं इंजिन २००० तासांच्या आसपास ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्तीला, जातं, म्हणजे चांगल्या चालणाऱ्या स्कूलमध्येही एखादं विमान कायम हँगरमध्ये असणारच, पण ते काम स्वतःच्या इंजिनिअरकडून होतं का बाहेरचा माणूस येईपर्यंत थांबतं, यावर तुमचे महिने अवलंबून असतात. मल्टी-इंजिन विमान किती आहेत तेही विचारा. एकच सेनेका किंवा डीए४२ असेल आणि ते बिघडलं तर सगळी बॅच शेवटच्या टप्प्यावर लटकते. १८५ तास झालेत आणि मल्टीसाठी पाच-सहा महिने थांबलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता एक काम करा. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला, ज्याचे साधारण १०० तास झालेत, विनंती करून त्याचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, बघा. तासांचा एकूण आकडा बघू नका, डावीकडच्या तारखा बघा. ३ तारीख, ४, ६, ७, ९ अशा असतील तर उत्तम. ३ तारीख, मग १९, मग पुढच्या महिन्याची ८, असं असेल तर त्या पोराने प्रत्येक वेळी अर्धं उड्डाण मागचं आठवण्यात घालवलंय. मग इन्स्ट्रक्टरच्या सह्या बघा. दर पाच-सहा उड्डाणांना सही बदलतेय म्हणजे इन्स्ट्रक्टर टिकत नाहीत, आणि प्रत्येक नवीन माणूस 'चल, आधी तुझं स्टॉल दाखव' (विमानाचा वेग फार कमी होऊन पंखांचा आधार सुटतो ते सावरणं) म्हणून एक तास तपासणीत घालवतो. शेवटी उड्डाणाचा वेळ बघा. ट्रेनिंग एरियात जाऊन यायला १.३ तास लागतात आणि त्यातला कितीतरी वेळ टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे जायच्या रस्त्यावर, रांगेत गेलेला असतो का? नियमाप्रमाणे विमान उड्डाणासाठी पहिल्यांदा हललं तिथपासून ते शेवटी थांबेपर्यंत फ्लाइट टाइम धरतात, त्यामुळे मोठ्या गर्दीच्या विमानतळावर रांगेत उभं राहिलेली पंधरा मिनिटंही तुमच्या लॉगबुकात चढतात, बिलातही चढतात, शिकणं मात्र शून्य. उलट एकदम सुनसान धावपट्टीवर शिकलेल्या मुलाला पहिल्यांदा गजबजलेल्या एअरस्पेसमध्ये रेडिओवर बोलायला जमत नाही. मधलं काहीतरी चांगलं, कंट्रोल टॉवर असलेला पण रांगा नसलेला विमानतळ.

हवामानही विचारात घ्या. वर्षातले किती महिने धुकं, पाऊस, धुळीमुळे उडता येत नाही? दिलेला कालावधी त्यात बसतो का? आणि एक साधा प्रश्न, गेल्या वर्षी कोर्स संपवलेल्यांना प्रत्यक्ष किती महिने लागले. 'हवामानावर आहे' एवढंच उत्तर आलं तर माजी विद्यार्थी शोधून त्यांनाच विचारा, ते खरं सांगतात.

सुरक्षेबद्दल विचारायला लाजू नका. विमानात काही खटकलं म्हणून विद्यार्थ्याने उड्डाण रद्द केलं तर त्याला बोलणी खावी लागतात का? जिथे खावी लागतात तिथे कितीही स्वस्त असलं तरी जाऊ नका.

पायरी ६: पैसे आणि करार

एकरकमी भरू नका. कितीही सवलत देऊ देत. फ्लाइंग स्कूल अचानक बंद पडल्याची आणि आगाऊ भरलेले पैसे गेल्याची उदाहरणं वेगवेगळ्या देशांत झाली आहेत, आणि अशा वेळी विद्यार्थ्याचा नंबर वसुलीच्या रांगेत बँक आणि तारण असलेल्या इतर घेणेकऱ्यांच्या मागे लागतो. उडाल तसे भरा, किंवा टप्प्याटप्प्याने, किंवा तिसऱ्याच खात्यात पैसे ठेवून टप्पा संपला की सुटतील अशी सोय असेल तर ती घ्या. खात्यात कधीही पुढच्या थोड्या तासांपुरतेच पैसे पडून असावेत.

करारात किमान तासांचीच फी असते हे ध्यानात ठेवा. पीपीएलचे ४० तास हा किमान आकडा आहे, बहुतेकांना जास्त लागतात, त्यात कमीपणा काही नाही. म्हणून जास्तीच्या तासाचा दर काय, टेस्टमध्ये नापास झालो तर पुन्हा टेस्टचे आणि विमानाचे पैसे कोणाचे, लँडिंग फी, इंधनाची दरवाढ, परीक्षा फी, गणवेश, राहणं, हे सगळं मिळून एक आकडा स्वतः काढा आणि त्यावर १५-२० टक्के बाजूला ठेवा. एवढं बजेट बसत नसेल तर मॉड्युलरने सुरू करा. अर्ध्यावर पैसे संपून थांबणं हे उशिरा सुरू करण्यापेक्षा जास्त वाईट, कारण थांबलेल्या काळात हातचं कौशल्यही जातं.

कॅडेट कराराचं तर प्रत्येक वाक्य वाचा. 'प्लेसमेंट असिस्टन्स', 'कंडिशनल ऑफर', 'लेटर ऑफ इंटेंट' हे तिन्ही नोकरीची हमी नाहीत. 'कंपनीच्या ऑपरेशनल गरजेनुसार' असे शब्द ज्या वाक्यात आहेत ते वाक्य दोनदा वाचा, त्याचा अर्थ असा की त्यांना गरज नसेल तर ते तुम्हाला घेणार नाहीत आणि तुमचं कर्ज तुमच्यापाशी. मग विचारा की अशा वेळी माझ्या हातात पूर्ण सीपीएल, मल्टी आणि इन्स्ट्रुमेंट असेल का जे घेऊन मी दुसरीकडे जाऊ शकतो? उत्तर हो असेल तर विचार करण्यासारखं आहे. बाँड किती वर्षांचा, मध्येच आजारपणाने मेडिकल गेलं तर बाँडचं काय, ट्रेनिंगमधून काढलं तर पैसे किती परत, हेही विचारा. आणि कर्ज घेत असाल तर हप्ता कोर्स संपल्यावर किती महिन्यांनी सुरू होतो ते बघा, कारण कोर्स संपणं आणि पहिला पगार यांत वर्ष जाऊ शकतं. घरचं घर तारण ठेवायचं असेल तर घरच्या सगळ्यांना समोर बसवून सर्वात वाईट काय होऊ शकतं ते आधी बोला. एका वकिलाला करार दाखवायची फी या सगळ्यापुढे काहीच नाही.

पायरी ७: लायसन्सनंतरचा काळ आत्ताच ठरवा

कोर्स संपल्यावर भरती चालू असेलच असं नाही. या धंद्यात भरती लाटेसारखी येते आणि जाते, ट्रेनिंगला दोन वर्षं लागतात त्यामुळे आजची तेजी बघून शिरलेला मुलगा मंदीत बाहेर पडू शकतो आणि उलटही होतं. म्हणून वाट बघायच्या काळासाठी थोडे पैसे आधीच बाजूला ठेवा, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत (युरोपात एक वर्ष) संपू देऊ नका, महिन्यातून एकदा तरी सिम्युलेटर किंवा विमानावर हात ठेवा. टाइप रेटिंग स्वतःच्या पैशाने आधीच करून ठेवायचा मोह होतो, नोकरी हातात नसेल तर करू नका, कारण ते करून वर्षभर घरी बसलेल्यापेक्षा कालच इन्स्ट्रुमेंट रिन्यू केलेला मुलगा बऱ्याचदा तयार असतो. दुसरं कुठलंतरी कौशल्य किंवा पदवी सोबत असू द्या, मेडिकल कधीही जाऊ शकतं हे वर सांगितलंच.

आणि लॉगबुक. प्रत्येक उड्डाण त्याच दिवशी लिहा, ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतचे) आणि पायलट-इन-कमांड तास वेगळे, क्रॉस कंट्री, नाइट, इन्स्ट्रुमेंट सगळे रकाने भरा. कन्व्हर्जनला किंवा नोकरीला जाताना स्कूलची सही-शिक्का असलेली प्रमाणित पानं मागतात, आणि तोपर्यंत चीफ इन्स्ट्रक्टर बदललेला असतो किंवा स्कूलच बंद झालेली असते, मग सहीसाठी माणसं शोधत फिरावं लागतं. दर महिन्याच्या शेवटी सही-शिक्का घ्या, त्या पानाचा फोटो काढा आणि तो दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.